पाखऱ्याची दोन दावी

दामू शिंप्याने मला फसवलं. पाखऱ्या बैलाचं दावं माझ्या गोठ्यातून त्याने गोंडे लावून देतो म्हणून नेलं आणि परत आणून दिलं ते त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं. किंवा परत दिलं ते खरंच होतं, आणि स्वतःकडे ठेवलं ते खोटं. यातलं नक्की काय, ते मला आजही कळलेलं नाही. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी फसलो मीच. मेलेल्या माणसाविषयी वाकडं लिहू नये असं शहाणे लोक सांगतात. मी शहाणा नाही, मी हेडी आहे. गुरं घेतो, गुरं विकतो. आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्याच्याशी भांडत आलो, तो मेला म्हणून एकाएकी त्याच्याशी गोड बोलू लागलो तर ते त्यालाच आवडणार नाही.

तो गेल्याची बातमी मला गुरांच्या बाजारात लागली. आमच्या धंद्यात किंमत तोंडाने सांगत नाहीत, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पण वर्तमानपत्राच्या या पुरवणीचे वाचक सगळेच काही बाजारात उभे राहिलेले नसतील. दोघे हेडी समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही समजत नाही. मी चौक गावच्या बाबू हेड्याचा हात धरून उभा होतो. त्याच्याकडे एक काळा बैल होता, छातीने रुंद, पण पुढचा उजवा पाय टाकताना कचरणारा. मला तो घ्यायचा नव्हता. बाबू कितीपर्यंत उतरतो एवढंच चाचपत होतो, कारण तसाच दुसरा बैल मला पुढे दुसऱ्याकडून घ्यायचा होता. तेवढ्यात कर्जतचा एक कासार बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन मागून आला आणि म्हणाला, "म्हादूशेट, तुमचं दामूअण्णा गेलं की सकाळी." उपरण्याखाली माझ्या हाताची मूठ झाली. बाबूचा अख्खा पंजा मी आवळून धरला... आणि आमच्यात पंजा आवळला म्हणजे सौदा मान्य. बाबूने उपरणं ओढलं आणि चार जणांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की म्हादूने घेतला. त्यानंतर कुणाला मागे फिरता येत नाही. बाप मेला तरी नाही.

त्यावर आणखी एक. जनावर विकलं की विकणारा आपलं दावं सोडून घेतो. ते द्यायचं नसतं. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते असं आपल्याकडे पूर्वीपासून मानतात. घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. मी काही घ्यायला आलो नव्हतो, माझ्याकडे कुठलं दावं? शेवटी डोक्याचा फेटा सोडला, त्याच्या वेसणीत अडकवला आणि तो लंगडा काळा बैल ओढत तसाच कर्जतची वाट धरली. वाटेत भेटणारे माझ्या उघड्या डोक्याकडे बघून मान खाली घालत होते. त्यांना वाटलं, मित्राच्या दुःखाने फेटा उतरवला. दामू असता तर हसून हसून मशिनीवर पडला असता. मी पोचलो तेव्हा त्याला उल्हास नदीच्या काठी नेलेलं होतं. बैल बाभळीला बांधला आणि लांब उभा राहिलो. राग येत होता. कुणाचा, ते समजत नव्हतं. बाबूचा म्हणावा तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

आम्ही दोघे खालापूरच्या बाजूच्या एकाच गावचे. त्याचा बाप आठवड्याच्या बाजारातून बंड्या आणि कोपऱ्या शिवून विकायचा, माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा. भात कापून झालं, शेतं कोरडी पडली की छकड्यांच्या शर्यती लागायच्या. आम्ही कामं चुकवून जायचो. दामू माझ्या आधी जाऊन जागा धरायचा, कोण आलंय, कुणाच्या बैलांना कुणी काय खाऊ घातलंय, सगळं विचारून ठेवायचा. नारळ फुटला, छकडे सुटले की हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायचा. घट्ट. बोटांच्या फटीतूनसुद्धा बघायचा नाही. आणि सारखा विचारत राहायचा.

"कोण फुडं हाय रं? म्हाद्या, सांग की."

"डोळं उघड आणि बघ, मेल्या."

"नाय रं. मला नाय बघवत. तू सांग."

मी सांगायचो. कधी खरं, कधी मुद्दाम उलटं. मग गर्दी पांगली की तो त्या शेतात उतरायचा आणि चाकांच्या चाकोऱ्यांमधून खाली वाकून हिंडायचा. एकदा त्याला जुवाची तुटलेली शिवळ सापडली, म्हणजे बैलाच्या मानेशी जुवात खोचतात ती लाकडी खुंटी. ती त्याने कोपरीच्या आत पोटाशी धरून घरी नेली. मी म्हटलं, चुलीत घालायला बरी आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याची गाय कसायाला द्यायची गोष्ट काढली. ती त्याची पहिली वस्तू. ती शिवळ आजही त्याच्या भिंतीवर आहे.

पुढे भिवपुरीला पाण्यावर वीज करायचं मोठं काम निघालं. मी दुसऱ्याच्या बैलांवर दगड ओढायला तिथे गेलो. तिथेच बैलाचे दात, खूर, वशिंड बघायला शिकलो, कोण खोटं बोलतोय ते त्याच्या बोटांवरून ओळखायला शिकलो. काम संपलं, तारा मुंबईकडे गेल्या, आमच्या गावात रॉकेलची चिमणीच राहिली. पण मी मात्र दुसऱ्याचा गडी म्हणून गेलो होतो तो हेडी होऊन बाहेर पडलो. मला कुणी काही दिलेलं नाही. म्हणून कुणी काही फुकट ठेवून घेतलं की माझं डोकं फिरतं. दामूने तेवढ्यात कर्जतला स्टेशनासमोर दुकान थाटलं होतं. एक मशीन, एक बाकडं, आत राहायची खोली. कपडे तो बरे शिवायचा, पण नाव झालं ते झुलींमुळे. शर्यतीच्या बैलाची झूल दामूकडूनच शिवून घ्यायची, अशी नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या लोकांची रीत पडली. आणि हा वेडा शिलाईच्या बदल्यात काय मागायचा, तर बैलाची जुनी घंटा. मोडलेला आसूड. शिंगाची पिचलेली पितळी शेंबी. निशाणाचा फाटका तुकडा. मशीनच्या समोरची अख्खी भिंत त्याने खुंट्या ठोकून भरून टाकली. चामड्याला तेल, दोराला तेल, पितळेला चिंच. सरूवहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की माझ्या केसांना इतकं तेल या घरात कधी मिळालं नाही.

मी त्याला किती वेळा विचारलं असेल, की यातून तुला मिळतं काय? मला खरंच समजत नव्हतं. बैल कळतो, तो ओढतो. घंटा कळते, ती बैलाच्या गळ्यात असली तर. बैल मेला, घंटेची जीभ गेली, ती भिंतीवर टांगून तिच्याकडे बघत बसायचं, यातला व्यवहार काय? दर वेळी तो वेगळं सांगायचा. एकदा म्हणाला, शिंप्याला चिंधी टाकवत नाही, त्यातलाच प्रकार. एकदा म्हणाला, मी शर्यत बघत नाही ना, मग हाताला तरी काहीतरी लागायला हवं. एकदा मी फारच खोदलं तेव्हा कात्री खाली ठेवून म्हणाला, "तुला भूक का लागते ते सांग, मग मी ह्ये सांगतो." यातलं कुठलं खरं मानायचं? तिन्ही खरी असतील तर ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तिन्ही खोटी असतील तर माणूस जन्मभर ते तेल उगाच लावत बसला का...

त्याच्या दुकानात मात्र गर्दी असायची. गिऱ्हाइकांची नव्हे, बसणाऱ्यांची. बाजाराला आलेला शेतकरी बाकड्यावर टेकायचा, बिडी पेटवायचा, नजर भिंतीवर जायची. मग उठून एखाद्या घंटेला हात लावायचा आणि बोलायला लागायचा. अमक्या माळावर अमक्याची जोडी कशी वळणावर आत घुसली, जू कसं तुटलं. दुसरा म्हणायचा, तू कुठे होतास, जू तुटलंच नव्हतं. मग भांडण. दामू मशीन थांबवून ऐकत बसायचा, आणि मी अनेकदा पाहिलं आहे, तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असायचे. हात न लावता. नुसते मिटलेले. चेहऱ्यावर असं काही यायचं की मला त्या बाकड्यावर बसवत नसे. मी उठून स्टेशनाकडे जायचो आणि घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात ते बघत उभा राहायचो.

एकदा मुंबईचे एक हौशी गृहस्थ माथेरानहून उतरताना मला भेटले. त्यांना असल्या जुन्या वस्तूंचा नाद होता. मी त्यांना दामूच्या दुकानात नेलं. शेंब्यांची एक जोडी त्यांच्या मनात भरली. असं गिऱ्हाईक जन्मात एकदा येतं. मी दामूला डोळ्यांनी, कोपराने, पायाने खुणा केल्या. तो त्यांना चहा पाजून म्हणाला, विकायचं नाही. बरं. हे मी समजून घेतलं असतं; माणूस हट्टी असतो. पण पुढच्याच आठवड्यात पळसदरीकडचा एक म्हातारा आला, त्याच्या मेलेल्या बैलाची घंटा भिंतीवर बघून त्याला रडू आलं, आणि दामूने ती काढून त्याच्या हातात ठेवली. फुकट. मी समोर होतो. मी म्हटलं, अरे, विकत नाहीस आणि वाटतोस? तर म्हणतो, "त्याची व्हती, त्याला दिली. तू का तडतडतोस?" आता सांगा, मी का तडतडू नये?

आणि मग पाखऱ्या. पाखऱ्या मी पोशीरच्या एका शेतकऱ्याकडून घेतला. गाडीची शिट्टी ऐकली की तो दावं तोडून भाताच्या खाचरांतून पळत सुटायचा, म्हणून त्या शेतकऱ्याला तो वेडा वाटत होता. मला तो वेडा वाटला नाही. अंगाने लहान, पण मागचे पाय असे की जमिनीला शिवलेत की नाही अशी शंका यावी. साधं दावं त्याला टिकायचं नाही. त्याच वर्षी माझी आई गेली होती. मी अंबाडी भिजवून, कुटून, स्वतः दावं वळलं आणि बळकटीला त्यात आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ पिळून घातला. ते दावं पाखऱ्याने कधी तोडलं नाही. गुलाब नावाच्या दुसऱ्या बैलाबरोबर मी त्याला जुंपला आणि माघातल्या शर्यतीत त्या दोघांनी जे केलं, ते बघणारे अजून सांगतात. दामू माझ्या शेजारी उभा होता. डोळे झाकून. मी त्याचे हात ओढले, बखोट धरून हलवलं, म्हटलं, एवढं एक बघ, माझा बैल आहे. नाही बघितलं. सगळं संपल्यावर डोळे उघडले आणि धुळीकडे बघत म्हणाला, "पाखऱ्या ना? मला पायांवरनं कळलं." नंतर त्याने मोरपंखी रंगाची झूल शिवली आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पाखऱ्या अंगात जोर होता तोवर पळाला. मग घाटावरचा एक माणूस आला, आम्ही उपरण्याखाली हात घातले आणि पाखऱ्या गेला. विकणं हा माझा धंदा आहे, त्याची मी कुणाकडे माफी मागत नाही. दामू मात्र महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्या महिन्यात पाखऱ्याची झूल शिवल्याचा त्याला पश्चात्ताप होत असेल, असं मी सरूवहिनीला म्हटलं, तर ती म्हणाली, त्यांना जेवण जात नाही. दुसऱ्याच्या बैलासाठी. मग एके दिवशी तो आपल्या पायाने माझ्या दारात आला. दावं मागायला.

मी सांगितलं, दावं गोठ्यातच राहील. लक्ष्मी जाते हे एक, आणि त्यात माझी आई आहे हे दुसरं. तो म्हणाला, नुसतं भिंतीवर राहील, तुला वाटेल तेव्हा येऊन बघ. मी म्हटलं, माझी वस्तू बघायला मी तुझ्या दारात येऊ? तो म्हणाला, तू बैल विकलास, आता दाव्याला कवटाळून काय करणार? मी म्हटलं, आणि तू काय करणार? तो नुसता दाव्यावरून हात फिरवत राहिला, ज्या ठिकाणी पाखऱ्याच्या मानेने घासून ते गुळगुळीत झालं होतं, तिथे. मी त्याच्या हातातून ते ओढून घेतलं. बरंच काही बोललो. माझी जीभ कशी आहे ते आमच्या तालुक्याला माहीत आहे. त्यानेही कमी केलं नाही. मला म्हणाला, हेड्या, तुझ्या आईलापण तू एक दिवस बाजारात उभी करशील.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो परत आला, हसत, हातात लाल-पिवळ्या लोकरीचे गोंडे. म्हणाला, भांडण पुरे, पाडव्याला गुरं ओवाळतोस तेव्हा दावंही चांगलं दिसू दे, गोंडे लावून देतो. मी दिलं. मी, जो बाबू हेड्याच्या नखावरून त्याचं पोट ओळखतो, तो एका शिंप्याच्या हसण्याला भुलला. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने दावं आणून दिलं. गोंडे सुरेख होते. मी ते गोठ्यात टांगलं, कुंकू लावलं, आणि तेव्हापासून दर पाडव्याला लावत आलो. त्याच्या दुकानात पाखऱ्याचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, तो हरला. मी त्याला तसं चिडवलंही. तो मान खाली घालून शिवत राहायचा.

दामूचे दिवसकार्य उरकल्यावर वहिनीने निरोप पाठवून मला बोलावलं. दुकानात थोरला मुलगा मशीनवर बसला होता. भिंत तशीच होती. तिने मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाच्या उशाशी, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी एक खुंटी, आणि खुंटीवर दावं. तेलाने काळंभोर झालेलं. पिळातून हिरवा काठ दिसत होता. लाल-पिवळे गोंडे. मी ते खुंटीवरून ओढून उतरवलं.

"ह्ये तुमचं, भावजी. जाताना सांगून गेलं, म्हादूला द्या म्हणून."

"माझं माझ्या गोठ्यात हाय. मग ह्ये हितं कसं?"

"एक तुमच्याकडं, एक हितं. खरं कुठलं ते मला ठावं हाय. खूण हाय एक."

"मग सांगा."

"नाय सांगणार. शपथ हाय."

मी विचारलं, बरं, खरं-खोटं राहू दे, माझ्या आईच्या लुगड्याचा काठ दोन्हींत कसा? तर म्हणाली, "शिंपी व्हतं ते." मी आवाज चढवला. मुलाने मशीन थांबवलं. वहिनी शांत होती. म्हणाली, "सांगितलं की दुसरं तुमी चुलीत घालाल."

"घालीनच. खोट्या दाव्याचं काय लोणचं घालू?"

तिने पदर तोंडाला लावला. ती हसली की रडली ते मला कळलं नाही. म्हणाली, "म्हणूनच नाय सांगत."

घरी आलो आणि दोन्ही दावी अंगणात शेजारी शेजारी ठेवली. लांबी तीच, पीळ तोच, गुळगुळीत झालेली जागासुद्धा दोन्हींवर. एकावर ती पाखऱ्याच्या मानेने झाली. दुसऱ्यावर कशाने? रोज हात फिरवून? मी नीट बघता यावं म्हणून दोन्हींचे गोंडे सोडले, उन्हाकडे धरली, नखाने पीळ उकलून पाहिला, हुंगली. गुलाब अजून गोठ्यात आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाखऱ्याचा वास त्याला तरी कळेल म्हणून दोन्ही त्याच्या तोंडाशी नेली. त्याने एक चाटलं, दुसरं चाटलं, मग माझं धोतर खायला लागला. या सगळ्यात कुठलं माझ्या गोठ्यातलं आणि कुठलं त्याच्या उशाचं हेही माझ्या ध्यानातून गेलं. माझ्या दाव्यालाही मी तेल पाजत आलो होतो, आणि कुंकवाची खूण गुलाबाने चाटून नेली होती. बैलाचा एक दात बघून त्याचं वय सांगणारा माणूस मी, दोन दोऱ्या समोर ठेवून संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिलो.

तेव्हापासून एक गोष्ट मनात येते आणि जात नाही. आईच्या लुगड्याचा तो काठ मला चांगला दोन बोटं रुंद आठवतो. या दोन्ही दाव्यांत तो एकेक बोटच आहे. दामूने दुसरं दावं वळलंच नसेल, माझं एकच उकलून, काठ मधोमध कापून, निम्मी अंबाडी जुनी आणि निम्मी नवी घेऊन त्याची दोन केली असतील तर? मग खरं एकही नाही, किंवा खोटं एकही नाही. पण मग वहिनीची खूण कशाची? आणि माझी आठवण तरी बरोबर कशावरून? काठ पहिल्यापासून एक बोटच असेल. आई गेली तेव्हा मी काठ मोजत बसलो नव्हतो.

परवा कर्जतला गेलो होतो. मुद्दाम नव्हे, वाटेवर होतं म्हणून दुकानात डोकावलो. पाखऱ्याचं दावं आता तिथे नाही, आणि होतं तेव्हाही ते कुणी पाहिलं नव्हतं. तरी वहिनीने ती उशाची खुंटी उपटून बाहेरच्या भिंतीवर ठोकली आहे, रिकामीच. बाकड्यावर दोघे बसले होते. एकाने विचारलं, ही कुणाची? मुलगा म्हणाला, पाखऱ्याची. लगेच दुसरा सुरू झाला. माघातली शर्यत, धूळ, गुलाब कसा मागे पडत होता आणि पाखऱ्याने त्याला कसा ओढत नेला. तो अर्धं खोटं सांगत होता. मी दारात उभा राहून ऐकत होतो, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की माझे डोळे मिटलेत. मी ते उघडले आणि निघालो. रिकाम्या खुंटीवर भागत होतं, तर मग त्याने माझं दावं नेलं कशाला? आणि नेलं तर लपवून का ठेवलं? ज्या माणसाने सगळं जगासमोर टांगलं, त्याने ही एकच वस्तू उशाशी का ठेवली? मला याचा व्यवहार लागत नाही.

सरूवहिनीला वाचता येत नाही. पण ही पुरवणी कर्जतच्या बाजारात येते, आणि त्या बाकड्यावर ती कुणीतरी मोठ्याने वाचेलच. आणि वहिनी आतून ऐकेल, हे मला माहीत आहे. म्हणून इथेच, चारचौघांत विचारतो. वहिनी, मेलेल्या माणसाला मी जाब विचारू शकत नाही, त्याची शपथ तुम्ही धरून बसलात, तेव्हा जबाब तुम्हीच द्यायचा आहे. दोन्ही दावी माझ्या गोठ्यात टांगलेली आहेत. खाली तो काळा लंगडा बैल बांधला आहे, जो तुमच्या नवऱ्यामुळे माझ्या गळ्यात पडला. एकही दावं मी चुलीत घातलेलं नाही, हे येऊन बघून जा. पाडवा तोंडावर आला आहे. हातात कुंकवाचा करंडा घेऊन मी त्या दोन खुंट्यांपुढे उभा राहणार. दोन्हींना लावायचं म्हणजे फसलो हे कबूल करायचं, आणि ते मी करणार नाही. खूण सांगा, वहिनी. माझ्या आईला कुंकू लावायचं आहे. ती कुठल्या दाव्यात आहे?